मापातला कोट

माझ्या कामावर लेख मागताना संपादकांनी पत्रात 'खेळण्यांच्या रम्य विश्वात रमलेला कारागीर' असा मथळाही सुचवून ठेवला होता. तो मी खोडला. त्या विश्वात मी सहा वर्षं काढली आणि रम्य म्हणावं असं तिथं मला काही सापडलं नाही. सापडले ते जन्मात हातात पटाशी न धरलेले साहेब, बाहुल्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं हे न कळणारे ग्राहक, आणि साहेबाच्या शाबासकीनं फुगणारा एक वाढई. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात, आणि तो फुगणारा वाढई मीच. माझ्या त्या फुगण्यापायी आमच्या गावातली एक आंधळी म्हातारी भर पुसात, पौषाच्या थंडीत, वाकळ न पांघरता उघडी निजायला लागली. बाकीचं सगळं हसण्यावारी नेता येतं, एवढं एक नेता येत नाही.

माझं गाव चांदा जिल्ह्यातल्या सावलीजवळ. आमच्या घरात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची पोरं चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर मिरवतात. ते बैल आम्ही करायचो. बैलाला बेगडी शिंगं, अंगावर झूल, खाली चार चाकं. पन्नास सालानंतर जो तो कुटिरोद्योगाच्या मागं लागला, तेव्हा चांद्याला खेळण्यांचं एक केंद्र निघालं आणि माझे बैल पाहून तिथल्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. केंद्राचं नाव लिहीत नाही. आज ते नाही, आणि नाही याचं मला दुःखही नाही.

साहेब लढाईच्या काळात नागपूरला कुठल्याशा पुरवठा कचेरीत होते. कचेरीत कोटांच्या पेट्या मोजल्या एवढ्या बळावर ते स्वतःला लढाईचे माणूस समजत. त्यांच्याजवळ विलायती खेळण्यांचं एक जाडजूड सूचिपत्र होतं आणि त्यातल्या एका पानावर त्यांचा जीव जडला होता. त्या पानावर बर्फात उभे असलेले, लांब कोट घातलेले, कानटोप्या बांधलेले शिपाई होते. हे शिपाई आपण चांद्याला करायचे, असं त्यांनी ठरवलं. वैशाखात जिथं माणसं दुपारी भिंतीला पाणी मारून तिला पाठ लावून बसतात, तिथं आम्ही सोळा कारागीर बर्फातले शिपाई करायला बसलो.

शिपाई अख्खा विकायचा नव्हता, सुटा विकायचा होता. एका खोक्यात सहा शिपाई. प्रत्येकाचं धड, डोकं, दोन हात, बूट, बंदूक आणि दोन फाळक्यांचा कोट, एक पुढचं एक मागचं, असं सगळं वेगवेगळं. विकत घेणाऱ्यानं घरी सरस कढवायचा, तुकडे जोडायचे आणि रंगवायचं. माप फुटाला इंच. म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस साडेपाच इंचांचा. आम्हाला हे विचित्रच वाटलं. अर्धवट काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं आणि त्यालाच मजा म्हणायचं, ही युक्ती आमच्या बापजाद्यांना सुचली असती तर ते बैलाचे पाय सुटे विकून मोकळे झाले असते.

पहिल्या खेपेला एक घोटाळा झाला. शिपायांच्या खालची पाटी करताना आमच्यातल्या चौघांनी सवयीनं तिला आसाची चार भोकं पाडली. हातांना पाटी म्हटलं की चाकंच माहीत. साहेब दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी एकदम दोन दिवसांचं बोलले. त्या नाकारलेल्या पाट्या मी गावी नेल्या, चाकं लावली आणि वर उरलेसुरले शिपाई चिकटवून दिले. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला बैलांच्या रांगेत तीन गोरे शिपाई बर्फाचे कोट घालून दोरीनं ओढत गेले, आणि खरं सांगायचं तर त्या केंद्राच्या मालाला तेवढीच एक हौशी गिऱ्हाइकी मिळाली.

नंतर भांडण लाकडावरून. साहेबांचा हुकूम, सगळं सागवानात करा, चांद्याचं सागवान जगात प्रसिद्ध आहे. असेल. पण जगातल्या लोकांनी त्याचे दरवाजे केले, अर्ध्या सुताची बंदुकीची नळी केली नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सागाचे तंतू लांब आणि फुटीर; नळी बारीक झाली की पेर तुटल्यासारखी कटकन मोडते. बारीक कोरायला हळदू हवा. पिवळसर, गच्च, आडवीउभी कशीही पटाशी चालवावी तरी चिडत नाही. आम्ही तीन आठवडे सागाच्या बंदुका करून मोडल्या. मग मी गुपचूप धड हळदूचं आणि बंदूक बांबूच्या काडीची करून पुढं ठेवली. साहेबांनी ती हातात फिरवली आणि म्हणाले, "देखा? सागौन की बात ही और है." आम्ही मान हलवली. पुढं मी तिथं असेपर्यंत त्यांनी पाहुण्यांना बांबूच सागवान म्हणून दाखवला.

रंगकाम सुलेमानभाईंकडे होतं. चांद्याच्या टांग्यांवर मोर आणि वेली काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांना केंद्रात नमुन्याचे शिपाई रंगवायला आणि पाटीवर बर्फ करायला ठेवलं. बर्फ आमच्यातल्या कोणी पाहिला नव्हता. त्यांनी सरसावर कापूस थापला. मुंबईच्या एका ग्राहकाचं तक्रारीचं पत्र आलं की तुमच्या बर्फात सरकी निघाली. सुलेमानभाई म्हणाले, "त्याले लिहा, पेरून पाह्य म्हणा."

अशी पत्रं बरीच यायची. एकानं सहाच्या सहा शिपायांची डोकी पाठीकडे तोंड करून चिकटवली आणि माल सदोष म्हणून परत धाडला. मूल गावच्या एका माजी मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, तर शिपायाला स्वतःचा चेहरा मागितला. जन्मात मूलच्या शिवेबाहेर लढायला गेलेला नाही असा माणूस, पण मिशा बर्फात शोभतील असं त्यांना वाटलं. मी चेहरा केला. त्यांनी पोट कमी करायला सांगितलं. मी म्हणालो, माप फुटाला इंच आहे, पोट मापातच राहील. यावर ते रागावले ते कायमचे.

आता मापाचंच सांगतो, कारण सगळा घात त्यानं केला.

साहेबांजवळ पितळेचा एक मापक होता, चिमट्यासारखा. त्यानं ते सगळं मोजत. उंची मापात आली, खांदे आले, बूट आले. मग त्यांनी कोटाची खालची कड मोजली. खऱ्या कोटाचं कापड एक सूत जाड. त्याचा बारावा हिस्सा करा, म्हणाले. एका सुताचा बारावा हिस्सा म्हणजे पोस्टकार्ड. लाकडाचं पोस्टकार्ड करून त्याच्या चुण्या पाडायच्या, असं ते काम होतं. सगळ्यांनी हात वर केले. मी केले नाहीत. मी हळदूचं फाळकं पटाशीनं पोखरलं, मग फुटक्या काचेच्या कडेनं आतून तासत गेलो, रोज थोडं, श्वास रोखून. पंचवीस फुटले. सव्विसावं खिडकीत धरलं तर कडेतून उजेड लाल दिसला. साहेबांनी मापक लावला, आणि कचेरीतल्या कारकुनांना बोलावून माझी पाठ थोपटली.

सुलेमानभाईंनी तो कोट बोटावर घेतला, तोलला आणि परत ठेवला. "देवाजीभाऊ, कारीगरी एक नंबर. पर ये कोट नाई, मलमल आहे. कोट दिसाले पाह्यजे तं जरा झूठ बोला लागते."

ते खरं सांगत होते. बैल करताना आम्ही वशिंड खऱ्यापेक्षा मोठं करतो, तेव्हाच तो बैल वाटतो. खऱ्या मापाचं केलं की शेळी दिसते. हे मला बापानं शिकवलेलं. पण पाठीवर साहेबाची थाप ताजी होती. मी सुलेमानभाईंना म्हणालो, "तुमचं टांग्याचं काम वेगळं, हे मापाचं आहे." हे वाक्य मी परत घेऊ शकलो असतो तर बरं झालं असतं. ते आता नाहीत.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा तो शिपाई खिशात घालून नेला, चार लोकांना दाखवायला. आमच्या गल्लीच्या टोकाला भागरताबाई राहायची. दोन्ही डोळ्यांत फुलं पडून तिची नजर गेलेली. तिचा एकुलता मुलगा रघू लढाईत भरती झाला आणि इटलीच्या डोंगरात गेला. तिथून त्याचं एक पत्र आलं होतं, की इथं पाणी दगडासारखं होतं, सरकारनं लांब कोट दिला आहे, काळजी करू नको. त्यानंतर तार आली, ती तो गेल्याची. कसा गेला ते तारेत नव्हतं. बाजारात कोणीतरी तिला सांगितलं होतं की तिकडं गोळीपेक्षा थंडीनंच जास्त माणसं मरतात. तेव्हापासून बुढीचा एकच प्रश्न होता, आणि तो ती मास्तरापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना विचारून चुकली होती. माझा पोरगा गारठून मेला का?

मी शिपाई घेऊन आलोय हे तिला कळलं. लेकीचा, यसोदेचा, हात धरून ती आमच्या ओसरीवर आली.

"देवाजी, तो रघूवानी कोट आहे म्हंतेत. दे बरं हाती."

मी दिला. तिनं आधी तोंडावरून बोट फिरवलं, कानटोपी चाचपली, बंदूक. मग कोटाची कड चिमटीत धरली. बराच वेळ धरली.

"एवढा पातळ रे?"

"मापातला आहे बाई," मी म्हणालो. "फुटाले इंच. साहेबानं पितळेच्या मापकानं मोजला. खऱ्या कोटात अन् यात काडीचा फरक नाई."

"काडीचा नाई?"

"नाई."

तिनं दोनदा विचारलं. दोनदाही मी छाती पुढं काढूनच सांगितलं. बाहुला लहान आहे हे तिला कळत होतं. पण कापडाची जाडीही त्याच मापानं कमी केलेली असते हे तिला कुठून कळावं? तिनं जन्मभर कापड हातानंच जोखलं होतं; हाताला जाड ते जाड, पातळ ते पातळ. आणि हे माझ्याही ध्यानात आलं नाही, कारण मी तिच्या तोंडाकडे पाहतच नव्हतो. मी ओसरीवरच्या बाकीच्या लोकांकडे पाहत होतो. ती शिपाई मागत होती म्हणून मी तो तिला देऊनही टाकला, वर दानशूरपणाचा आव आणून.

पुसात पुन्हा गावी आलो तर यसोदा दारातच भेटली. ती बसली नाही.

"तुमच्या बाहुल्यानं माह्या मायले उघडं केलं, देवाजीभाऊ."

"काऊन, काय झालं?"

"दोन्ही वाकळा लेकरायले देऊन टाकल्या तिनं. भुईवर झोपून राह्यली नुसती, एका लुगड्यावर. घातली तं फेकून देते. म्हंते, माह्या पोराले सरकारनं धोतराच्या फडक्यात बर्फात उभं केलं, मले काय वाकळीची हौस. खोकून खोकून छाती भरली तिची. तुम्ही सांगतलं ना, काडीचा फरक नाई?"

आमच्या झाडीपट्टीतला पूस ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो, पहाटे धानाच्या तणसावर दव गोठल्यासारखं बसतं आणि धडधाकट माणूस शेकोटी सोडत नाही. त्यात सत्तरीची म्हातारी. मी तसाच तिच्या घरी गेलो आणि फुटाला इंच म्हणजे काय ते समजावायला लागलो. घर लहान केलं की भिंतही बारीक होते, वगैरे. साहेबसुद्धा असंच समजावत असत. ती ऐकत होती, शिपाई तिच्या मुठीत होता.

"भित बारीक झाली तं थंडी आत येते का नाई येत?" ती म्हणाली.

घरी येऊन मी दोन दिवस खपून दुसरा कोट कोरला, चांगला जाड, भरदार चुण्यांचा, सुलेमानभाईंनी सांगितला होता तसा. तो तिच्या हाती दिला. तिनं नाकाशी नेऊन वास घेतला. ताज्या हळदूचा वास लपत नाही.

"हा आता केला तू. मले बरं वाटावं म्हून." आणि परत दिला. "त्या दिवशी खोटं बोलला का आता बोलून राह्यला, ते सांग."

माझ्या सहा वर्षांच्या कामाची इतकी नेमकी तपासणी ना साहेबांनी केली, ना कुठल्या पाहुण्यानं.

तेव्हा मला खऱ्या कोटाची आठवण झाली. लढाई संपल्यावर पलटणीचे जुने कोट बाजारात आले होते, आणि त्यातला एक वडशाच्या एका नाटक मंडळीच्या पेटीत मी पाहिला होता. तिसऱ्या अंकात येणारा फौजदार तो घालायचा. मी मूलला जाऊन अरुंद रुळांची छोटी आगगाडी पकडली आणि वडसा गाठलं. मंडळीचे मालक तंबूच्या दोऱ्या ताणत उभे होते.

"उद्या खेळ आहे," ते म्हणाले. "फौजदार काय उघडा पाठवू?"

मी त्यांना भागरताबाईचं सगळं सांगितलं. त्यांनी हातातली दोरी खुंटीला बांधली आणि आत जाऊन कोट घेऊन आले. "शाल पांघरन तो. तसाही अभिनय काही करत नाई."

कोट पिशवीत मावेना, म्हणून अंगात घातला. त्या कोटात भर दुपारी छोट्या गाडीत बसलो तर घामानं निथळलो. डब्यातले दोघे मला पोलीस समजून उठून दुसऱ्या डब्यात गेले. खांद्यावर पोतं ठेवल्यासारखं ते ओझं होतं. सहा वर्षं ज्याची नक्कल मी कोरली तो कोट मी त्या दिवशी पहिल्यांदा अंगावर घेतला, आणि साहेबांनी पेट्याच्या पेट्या मोजूनही तो एकदाही घातला नसणार हे मला कळलं.

भागरताबाई अंगणात उन्हाला बसली होती. मी मागून तिच्या खांद्यांवर कोट टाकला. ती वाकली. मग सरळ झाली.

तिनं कड चिमटीत धरली. बाही धरली. अस्तर, खिसा, बटणं, एकेक. मी कॉलर उभी केली तसा तिचा अर्धा चेहरा आत गेला.

"हा कोनाचा?"

"नाटकवाल्यायचा आहे. पन पलटनीतला आहे. खरा."

"रघूचा असाच?"

"असाच असन."

"लगित जड आहे."

"हो बाई."

यसोदा दाराला टेकून उभी होती. ऊन कलायला लागलं तरी बुढी कोटाच्या आत हलली नाही. मग तिनं विचारलं, "याच्यात मानूस गारठन का रे?"

सांगून टाकावं, नाही म्हणून, असं मनात आलं. पण या बाईला मी एकदा छातीठोक सांगून चुकलो होतो.

"मी तिथं गेलो नाई, बाई," मी म्हणालो. "तिथची थंडी मले नाई माहीत. कोट एवढा होता, एवढंच माहीत आहे."

तिनं मान हलवली. कोटाचं वरचं बटण तिनं स्वतःच लावून पाहिलं, पुन्हा काढलं.

"मंग गोळीच लागली असन," ती म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला. पोराला गोळी लागली या विचारानं आईचा चेहरा सैल झालेला मी पाहिला आहे. तिनं कोट उतरवून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला आणि यसोदेला हाक मारली, "माही वाकळ आन वं. हिव वाजून राह्यलं."

शिपाईही तिनं परत दिला. "याले ने. हा उघडा आहे."

भागरताबाई त्यानंतर चार हिवाळे जगली, वाकळ पांघरून. कोट मी वडशाला पोचवला. त्याच साली नागपूरच्या प्रदर्शनात आमच्या शिपायांना बक्षीस मिळालं, अचूक मापासाठी. साहेब हार घालून फोटोला उभे राहिले आणि मलाही बोलावलं. मी गेलो नाही, आणि पुढच्या पोळ्याच्या आत गावी येऊन पुन्हा बैल करायला लागलो, मोठ्या वशिंडाचे.

तो शिपाई माझ्याकडे आहे. फळीवर उभा असतो. कोटाची कड अजून उजेडात लाल दिसते, काम तसं चोखच होतं. दर पुसात मी त्याच्या खांद्यांवर फ्लॅनेलचं एक फडकं टाकतो, चांगलं दुहेरी घडी करून. सुना हसतात, म्हणतात, बाबा, तो पार झाकून गेला. जाऊ दे झाकून, मी म्हणतो.